पेठ ओस पडते तेव्हा दोष कोणाचा?

गावाबाहेरच्या हमरस्त्यावर मॉल उभा राहतो आणि काही वर्षांत गावातल्या मुख्य पेठेतली दुकाने एकामागून एक बंद होतात. या घटनेचा आर्थिक हिशेब अनेकांनी मांडला आहे. नैतिक हिशेब त्याहून अवघड आहे, कारण त्यात गुन्हेगारच सापडत नाही. मॉलवाल्याने स्वतःच्या जागेत, रीतसर परवानगी घेऊन, खऱ्या मापाने आणि कमी भावात माल विकला. गिऱ्हाइकाने कष्टाचे चार पैसे वाचवले. पेठेतल्या दुकानदाराला कोणी फसवले नाही की हुसकावले नाही. तरीही शेवटी गावाचे काहीतरी मोलाचे गेले, आणि ते जावे असे कोणीच ठरवले नव्हते. प्रत्येक कृत्य निर्दोष असताना त्यांच्या बेरजेतून अन्याय निपजू शकतो का? निपजत असेल, तर तो निस्तरण्याचे कर्तव्य कोणाकडे जाते?

आजच्या रूपात हा प्रश्न प्रथम अमेरिकेत उभा राहिला. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसला लागून असलेल्या ईडायना गावी साऊथडेल हे खरेदी केंद्र उघडले. पूर्णपणे छताखाली आणि बारा महिने एकाच तापमानात ठेवलेला तो अमेरिकेतला पहिला मॉल. त्याचा वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रूएन मूळचा व्हिएन्नाचा ज्यू. १९३८मध्ये ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यात गेल्यावर तो अमेरिकेत आश्रयाला आला होता. मोटारीवर विसंबलेल्या, विखुरलेल्या उपनगरांना व्हिएन्नासारखा चौक द्यावा, जिथे माणसे चालतील, बसतील, एकमेकांना भेटतील, ही त्याची तळमळ होती. साऊथडेलभोवती घरे, शाळा, दवाखाने आणि बाग असावी असा त्याचा मूळ आराखडा होता. प्रत्यक्षात उभा राहिला तो मुख्यतः मॉल आणि त्याभोवती मोटारी लावायचे अफाट मैदान. पुढे व्हिएन्नाला परतलेल्या ग्रूएनने त्याच शहराच्या दक्षिणेला १९७६मध्ये एक प्रचंड खरेदी केंद्र उघडलेले पाहिले, आणि १९७८मध्ये लंडनच्या एका भाषणात आपल्या कल्पनेच्या या विकृत अपत्यांचे पितृत्व जाहीरपणे नाकारले.

मॉल केवळ गिऱ्हाइकांच्या पसंतीवर वाढले, हे म्हणणे मात्र अपुरे आहे. १९५४च्या अमेरिकी करकायद्याने नव्या व्यापारी इमारतींवर सुरुवातीच्या वर्षांत भरघोस घसारा काढू दिला, त्यामुळे जुन्या पेठेतली इमारत दुरुस्त करण्यापेक्षा मोकळ्या माळावर नवी बांधणे फायद्याचे ठरले. १९५६च्या महामार्ग कायद्याने सरकारी पैशातून रुंद रस्ते त्याच माळापर्यंत नेले. दोषाची चर्चा करताना ही गोष्ट हाताशी ठेवावी लागते. ज्याला बाजाराचा कौल म्हटले गेले, त्याच्या तराजूत सरकारने आधीच एका पारड्यात वजन टाकलेले होते.

१९६२ साली आर्कान्सास राज्यातल्या रॉजर्स गावी पहिले वॉलमार्ट निघाले. त्याचा संस्थापक सॅम वॉल्टन स्वतः पेठेतला दुकानदार होता आणि त्याचे जुने दुकान बेंटनव्हिल गावच्या मुख्य चौकात होते. १९८०च्या दशकापासून अर्थशास्त्रज्ञ केनेथ स्टोन यांनी आयोवा राज्यातल्या छोट्या गावांच्या विक्रीचे आकडे तपासले. ज्या गावी वॉलमार्ट आले, तिथे खानावळींसारख्या, वॉलमार्ट जे विकत नाही ते विकणाऱ्या काही धंद्यांना वाढत्या वर्दळीचा लाभ झाला. खरा फटका बसला तो वॉलमार्ट न आलेल्या आसपासच्या लहान गावांना. त्यांच्या वाट्याला कर आला नाही, नोकऱ्या आल्या नाहीत, फक्त गिऱ्हाईक गेले. ज्या गावाने कोणत्याच बैठकीत या विषयावर हात वर केला नव्हता, त्यानेच सर्वांत जास्त सोसले.

व्यापाराविषयीचा जगभरचा धर्मविचार या प्रसंगी बराचसा मुका राहतो, कारण त्याचा रोख फसवणुकीवर आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे दोष सांगितले आहेत, त्यांत चोरीचा माल घेणे, मापात कमीजास्त करणे आणि खऱ्यात खोटे मिसळणे येते. बुद्धवचनांत उपासकाने टाळायच्या पाच व्यापारांत शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष येतात. इस्लामी नगरांत मुहतसिब नावाचा अधिकारी बाजारात फिरून वजने तपासत असे. मराठीतही व्यापाऱ्याच्या अधर्माला ‘मापात पाप’ असेच म्हणतात. मॉलचे माप मात्र चोख असते, किंमत वेष्टनावर छापलेली असते आणि माल बदलून मिळतो. या सगळ्या कसोट्यांवर तो उत्तीर्ण होतो.

प्रामाणिक स्पर्धकाचे काय करायचे, या प्रश्नाला थेट हात घातला तो ज्यू धर्मशास्त्राने, आणि म्हणून तिथे जरा थांबणे भाग आहे. इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नामध्ये रब्बी यहुदा यांचे मत नोंदले आहे: दुकानदाराने मुलांना भाजलेले दाणे आणि अक्रोड वाटू नयेत, कारण त्याने मुलांना त्याच दुकानी जायची सवय लागते, आणि चालू भावापेक्षा खाली विकू नये. बहुसंख्य आचार्यांनी दोन्ही बाबतींत त्यांचे मत फेटाळले. खाऊ वाटणाऱ्याचा शेजारी दुसरा खाऊ वाटू शकतो, आणि भाव उतरवणाऱ्याचे तर लोकांनी भलेच चिंतावे, कारण त्याच्यामुळे बाजार स्वस्त होतो. गिऱ्हाइकाच्या बाजूने इतके स्पष्ट बोलणारे धर्मवचन विरळाच.

पण मिश्नावरच्या पुढच्या चर्चांचा ग्रंथ जो तालमूद, त्याच्या बावा बात्रा या प्रकरणात वाद पुन्हा उघडला. एका गल्लीत एकाने चक्की घातली आणि त्याच गल्लीतला दुसरा शेजारी चक्की घालायला आला, तर पहिल्याने त्याला अडवावे का? रव हुना यांच्या मते अडवता येते, कारण नवा माणूस जुन्याची पोटाची वाट तोडतो. याला आधार म्हणून मासेमारीचा नियम पुढे येतो: एकाने हेरलेल्या माशापासून दुसऱ्याने आपले जाळे दूर ठेवावे. उलट बाजूने जुने वचन येते, की दुकानाशेजारी दुकान काढायला हरकत नाही. अखेरीस दुसऱ्याच एका रव हुनांनी, रव यहोशुआ यांच्या पुत्राने, सीमा आखली. परगावच्या माणसाला अडवता येते. पण तो या गावचा करभार उचलत असेल, तर अडवता येत नाही. त्याच गल्लीतल्या रहिवाशाला अडवता येत नाही. याच चर्चेत फिरत्या विक्रेत्यांना खास मुभा दिलेली दिसते, कारण गावोगावच्या स्त्रियांना दागिने आणि सुगंध सहज मिळावेत, ही परंपरेने प्राचीन धर्माचार्य एझ्राची आज्ञा मानली जाते. म्हणजे तीन हक्क इथे एकमेकांशी भिडतात: जुन्या दुकानदाराची उपजीविका, नव्याचा धंदा करण्याचा अधिकार आणि गिऱ्हाइकाची सोय. निर्णय होतो तो गावाच्या ओझ्यात कोण वाटेकरी आहे यावरून.

मध्ययुगातल्या जर्मन ज्यू पंडितांनी या निर्णयाला एक अपवाद जोडला. गल्ली एका टोकाला बंद असेल, पहिला दुकानदार आत असेल आणि नव्याने तोंडाशीच दुकान थाटले, तर आत जाणारे प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्याच्याच दारात येते. इथे स्पर्धा उरत नाही, नुकसान निश्चित होते, म्हणून अशा नव्याला रोखता येते. १५५०मध्ये क्राकोचे रब्बी मोझेस इस्सर्लिस यांनी हाच तर्क मध्ययुगीन ज्यू पंडित मैमोनिडीसच्या धर्मसंहितेच्या दोन प्रतिस्पर्धी छापील आवृत्त्यांच्या तंट्यात वापरला. पादुआच्या रब्बींच्या आवृत्तीसमोर व्हेनिसच्या एका श्रीमंत छापखानेवाल्याने त्याच ग्रंथाची स्वस्त आवृत्ती आणली होती. इस्सर्लिस यांनी निवाडा पादुआच्या बाजूने दिला. बाह्यवळण रस्त्याच्या नाक्यावर, गावाच्या तोंडाशी उभा राहणारा आणि कमी भाव दीर्घकाळ सोसण्याइतकी पुंजी असणारा मॉल या कसोटीवर तपासण्यासारखा आहे. ही कसोटी समजूतदार वाटते, कारण ती स्पर्धेला पाप ठरवत नाही. दुसऱ्याला स्पर्धा करायला जागा उरली आहे का, एवढेच ती विचारते.

आतापर्यंतचा विचार विक्रेत्याचा. गिऱ्हाइकाचे कर्तव्य सर्वांत कठोर शब्दांत मांडले ते गांधीजींनी. १९१६मध्ये मद्रासच्या भाषणात त्यांनी स्वदेशीची व्याख्या केली: दूरचे सोडून आपल्या निकटच्या परिसराचाच उपयोग आणि त्याचीच सेवा करण्याची वृत्ती. १९२१मध्ये रवींद्रनाथांना उत्तर देताना ते आणखी पुढे गेले. शेजारचा धान्यविक्या गिऱ्हाइकावाचून उपाशी मरत असताना अमेरिकेचा गहू खाणे हे त्यांनी सरळ पाप ठरवले. शेजाऱ्याचा माल महाग किंवा डावा असला, तर त्याला सोडून जाण्यापेक्षा त्याला सुधारायला मदत करावी, हा त्यांच्या स्वदेशीचा गाभा होता. ज्याच्याशी रोजचा संबंध आहे त्याचे आपल्यावर ऋण असते, आणि ते दर व्यवहारात रोख चुकते होत नाही, ही जाणीव त्यामागे आहे. ती खरी आहे. मात्र तिचे ओझे कोणावर पडते हेही पाहावे लागते. महिन्याच्या किराण्यात वाचलेल्या पैशांतून मुलाची फी भरणाऱ्या घराला ‘पेठेत महाग घ्या’ असा उपदेश करणे, म्हणजे गावाच्या जतनाचा खर्च सर्वांत गरिबाकडून वसूल करणे होय. मिश्नातल्या बहुसंख्य आचार्यांनी ज्या गिऱ्हाइकाची बाजू घेतली, ते हेच.

शिवाय एकट्याच्या त्यागाने काय साधते, ही अडचण उरतेच. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड कान यांनी १९६६मध्ये लहान निर्णयांच्या जुलमावर एक निबंध लिहिला. ते न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका या छोट्या गावी शिकवत. तिथली प्रवासी रेल्वे बंद पडली होती. हवा खराब असली की सगळ्यांना रेल्वे हवी असे, कारण तेवढी एकच वाट भरवशाची. इतर दिवशी लोक मोटारीने, बसने किंवा विमानाने जात. रेल्वे बंद व्हावी असे मत कोणी दिले नव्हते. प्रत्येकाने फक्त आजचा प्रवास निवडला, आणि त्या निवडींची बेरीज त्याला न विचारताच एक मोठा निर्णय घेऊन गेली. पेठेचे नेमके हेच होते. मॉलमधून साखर घेणारा माणूस साखरेचा भाव ठरवतो आणि पेठ असावी की नसावी या प्रश्नावरही नकळत मत देतो. दुसरा प्रश्न त्याच्यापुढे कधीच मांडला गेलेला नसतो.

यावर नीतिशास्त्राचे सर्वांत बारीक उत्तर इंग्लिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांच्या १९८४च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात आहे. त्यांनी कल्पिलेला प्रसंग असा: वाळवंटात हजार जखमी तहानेने तळमळत आहेत. हजार लोकांपाशी प्रत्येकी छोटे भांडेभर पाणी आहे आणि ते सर्वांसाठी एकाच पाणीगाडीत ओतायचे आहे. एकाने ओतले वा न ओतले, तर कोणत्याही जखमीला फरक जाणवणार नाही. प्रत्येकाच्या वाट्यात अगदी किंचितच फरक पडतो. म्हणून न ओतणारा निर्दोष ठरतो का? पारफिट म्हणतात, नाही. आपल्या कृतीचा परिणाम एकटा न जाणवणारा असला, तरी ज्या कृतिसमूहाचा ती भाग आहे त्याने मिळून हानी होत असेल, तर ती कृती चुकीची असू शकते. ‘माझ्या एका खरेदीने काय होणार’ ही सबब या विचारापुढे टिकत नाही.

तरी पारफिटच्या वाळवंटात एक गोष्ट सोपी आहे. बाकीचे नऊशे नव्याण्णव जण पाणी ओतत आहेत, हे तिथे प्रत्येकाला दिसते. पुरेसे लोक तसे करणार नसतील, तर एकट्याने ओतलेले वाया जाते आणि कर्तव्याचा आधारच सुटतो. पेठेच्या गिऱ्हाइकाला अशी खात्री कोणी देत नाही. त्यामुळे त्याच्यावर जे कर्तव्य उरते ते मुख्यतः महाग साखर घेण्याचे नसते. सगळ्यांनी मिळून ठरवता येईल अशी जागा निर्माण करण्याचे आणि तिथे आपले मत देण्याचे असते. प्रश्न व्यक्तीच्या सदसद्विवेकातून निघून नगरपालिकेच्या सभागृहात जातो. त्याचे खरे स्थान तेच आहे.

पण नेमके काय गमावले, हे ठरल्याशिवाय सभागृहाने तरी काय राखायचे? ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या सातव्या खंडात आदर्श नगराला दोन चौक दिले: एक खरेदी-विक्रीचा, दुसरा थेसलीतल्या रीतीप्रमाणे ‘मुक्त’. त्या दुसऱ्या चौकात माल विकायचा नाही, आणि अधिकाऱ्यांनी बोलावल्याखेरीज कारागीर किंवा शेतकरी यांनी पाऊल ठेवायचे नाही. या योजनेत नकळत एक सत्य उघड होते. व्यापार वगळून निर्मळ केलेला चौक मूठभरांचा होतो. गजबजलेला बाजारच सर्वांना आत घेतो, कारण तिथे यायला मीठ-मिरची घेण्यापलीकडे कारण लागत नाही. मुख्य पेठ ही अशी जागा होती. माल विकत मिळे आणि गावाची गाठभेट त्यासोबत फुकट मिळे. फुकट मिळत असल्यामुळे तिची किंमत कोणत्याही बिलात चढली नाही, आणि मॉलच्या भावाशी तुलना झाली ती फक्त मालाची.

मॉलमध्येही माणसे भेटतात, हसतात, मुलांना खेळवतात; ते खोटे नाही. फरक मालकीत आहे. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रके वाटणाऱ्यांना ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या एका मॉलने बाहेर काढले, तेव्हा १९७२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मॉलची बाजू घेतली. मॉल ही खासगी मिळकत आहे, तिथे पत्रक वाटण्याचा घटनात्मक हक्क नाही. १९८०मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका खटल्यात त्याच न्यायालयाने राज्यांना आपापल्या घटनेनुसार असा हक्क देण्याची मोकळीक ठेवली, पण बहुतेक राज्यांनी ती वापरली नाही. पेठेचा रस्ता नगराचा असतो. मॉलच्या वाटेवरून चालणारा माणूस नेहमी पाहुणा असतो.

पेठेचे गुणगान मात्र इथेच थांबवले पाहिजे, कारण तिने सर्वांना सारखे वागवले नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोच्या मुख्य पेठेत वूलवर्थचे दुकान होते. कृष्णवर्णीयांचे पैसे तिथल्या मालाच्या काउंटरवर चालत, जेवणाच्या काउंटरवर मात्र त्यांना बसू दिले जात नसे. १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आधी किरकोळ खरेदी केली, आणि मग ते त्या काउंटरवर जाऊन बसले. महाराष्ट्रातल्या गावांतही अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाइकाला माल वरून टाकला जाई आणि त्याच्या नाण्यांवर पाणी शिंपडून ती उचलली जात. ज्याने हे सोसले त्याच्या नातवाला मॉलचा अनोळखीपणा हे स्वातंत्र्य वाटले, तर त्यात नवल नाही. तिथे आडनाव विचारले जात नाही. वस्तू स्वतःच्या हाताने उचलता येते. स्त्रियांनाही काय घेतले, किती घेतले, यावर गल्लीची नजर नसते. उधारीचेही तसेच. पगार लांबला तर वाणी महिनाभर थांबे, हा आधार खरा. आणि त्याच वहीने कित्येक घरे पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवली, हेही खरे. देहूचे तुकोबा वाण्याच्या घरचे. त्यांनी दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. ओळखीवर चालणाऱ्या व्यापारात दया आणि दाब एकाच वहीत असतात, याची जाण त्या कथेला आहे.

तरी ग्रीन्सबरोचे दुसरे अंगही पाहायला हवे. त्या विद्यार्थ्यांच्या पाठोपाठ शेकडो लोक पेठेत आले, दुकानाबाहेरच्या सार्वजनिक फुटपाथवर फलक धरून उभे राहिले, गिऱ्हाइकी थांबली, आणि जुलैत तो काउंटर सर्वांना खुला झाला. अन्याय पेठेत होता, आणि त्याला जाब विचारायची जागाही तीच होती. मॉल वाईट वागणूक कमी देईल. पण त्याने ती दिली, तर दाराशी उभे राहायला सार्वजनिक फुटपाथ नसतो. राखण्यासारखे आहे ते हे: माणूस पाहुणा नसून हक्काने उभा असतो अशी, आणि सर्वांना रोजच्या गरजेसाठी यावेच लागते अशी जागा. जुन्या दुकानांची मालकी त्याच घराण्यांत राहावी, हा यातला भाग नाही.

काही देशांनी हे सामूहिक कर्तव्य कायद्यात उतरवले, आणि त्यांचा अनुभव हाच भेद दाखवतो. फ्रान्सने १९७३च्या कायद्याने ठरावीक क्षेत्रफळावरच्या दुकानांना स्थानिक समितीची परवानगी सक्तीची केली. तरी गावांच्या कडेला मोठी दुकाने वाढतच गेली, आणि २०१८मध्ये सरकारला दोनशेहून अधिक मध्यम शहरांच्या पेठा सावरण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. जपानने १९७३मध्येच आणखी कडक कायदा केला. त्यात जुन्या दुकानदारांच्या संमतीला जवळपास नकाराधिकाराचे वजन आले. गिऱ्हाइकांना महाग घ्यावे लागले, दुकानदार म्हातारे झाले, मुलांनी गादी नाकारली. २०००मध्ये कायदा गेला, आणि दोन्ही बाजूंना शटर ओढलेल्या गल्ल्या जपानी गावांची ओळख बनल्या. जपानी कायद्याने दुकानदार वाचवायचा प्रयत्न केला, जागा नाही. ब्रिटनने १९९६पासून वेगळा मार्ग घेतला: मोठे दुकान काढायला हरकत नाही, पण आधी गावाच्या मध्यात जागा शोधावी, तिथे नसेल तर कडेला, आणि मगच बाहेर. त्यानेही सर्व पेठा वाचल्या नाहीत. तरी प्रश्न योग्य शब्दांत विचारला गेला.

भारताने २०१२मध्ये बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी देताना साधारण दहा लाखांवरच्या शहरांची अट घातली आणि निर्णय राज्यांवर सोपवला. ही अट परकीय भांडवलाला आहे, देशी साखळ्यांना नाही. २००२ साली पवईत सुरू झालेली डी-मार्ट साखळी आज महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांच्या गावी पोहोचली आहे. चर्चा झाली ती भांडवल कोणाचे यावर. दुकान गावाच्या कोणत्या भागात असावे, पेठेत चालायला पदपथ आणि गाडी लावायला जागा आहे का, आठवडी बाजार कुठे भरावा, या गोष्टी विकास आराखड्यात येतात, आणि त्या आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा फारसे कोणी फिरकत नाही. कान यांनी ज्या मोठ्या निर्णयाबद्दल लिहिले, तो मांडायची कायदेशीर जागा इथे उपलब्ध आहे. ती वापरली न जाणे हा गिऱ्हाइकाच्या स्वस्त खरेदीपेक्षा मोठा दोष मानावा लागेल.

घरपोच माल पाठवणाऱ्या दूरच्या गोदामांनी आता मॉललाही तोच धक्का दिला आहे, आणि अमेरिकेत अनेक मॉल ओस पडले आहेत. तालमूदने आखलेली सीमा, गावच्या ओझ्यात वाटेकरी कोण, ही या नव्या विक्रेत्यावर सर्वांत कठीण जाते: त्याचे दुकान कोणत्याच गावात नसते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये साऊथ डकोटा राज्याच्या खटल्यात, राज्यात इमारत नसलेल्या विक्रेत्यालाही विक्रीकर गोळा करून भरायला लावण्याची मुभा राज्यांना दिली. कराचा वाटा त्यामुळे राज्याच्या तिजोरीत येतो. पेठेच्या रस्त्याला तो मिळावा की नाही, हे पुन्हा त्या त्या ठिकाणच्या सभागृहालाच ठरवावे लागते.